दांडा कापून सात किलो

बॅग भरायची आणि पुन्हा पलंगावर उपसायची, यात माझा अख्खा आठवडा गेला. जर्मनीला जायचं होतं, तेही आयुष्यात पहिल्यांदा. जळगावात लग्नांचे फोटो काढता काढता माझे केस पांढरे झाले. मांडवात मला डोळे बांधून उभं केलं तरी अंतरपाट कधी सरकणार, मामा कधी घाम पुसणार आणि नवरीची आई कधी रडणार, हे मी सांगू शकतो. पण तीन लेन्स आणि एक बॅग यांचं लग्न काही मला लावता येईना.

विमानात हातातल्या बॅगेला मुभा सात किलोची. मोठ्या बॅगा दोन होत्या, पण त्यांच्यावर बायकोचं राज्य होतं. ज्वारीचे बिबडे, कळण्याचं पीठ, उडदाचे पापड, शेंगदाण्याची चटणी. भरताची हिरवी वांगीही ती टॉवेलात गुंडाळून न्यायला निघाली होती. तिकडे नोकरी करणारी मुलगी फोनवर अक्षरशः पाया पडली तेव्हा वांगी घरी राहिली. "जरा सरकवा ना, एक लेन्स बसेल कोपऱ्यात," असं मी म्हटलं की बायको माझ्याकडे अशी बघायची, जणू मी बिबड्यांवर बसायची परवानगी मागतोय. तशी काचेची वस्तू मीही मोठ्या बॅगेत टाकली नसती, पण विचारायला काय जातं?

तिघींची ओळख करून देतो. पहिली लांबडी. पांढरी, दंडाएवढी जाड, वजनानं निम्म्या कलिंगडाच्या तोडीची. तिच्या जिवावर मी खान्देशातली निम्मी लग्नं मांडवाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून काढली. नवरीच्या पापणीवरचं पाणी तिला तिथून दिसतं. दुसरी मधली. संसारी बाई, सगळ्या कामाला हाताशी, कशात नाव नाही आणि कशात तक्रार नाही. तिसरी ठेंगणी. पेढ्याच्या छोट्या डब्याएवढी, वजनाला नगण्य. ती पुढेमागे सरकत नाही. जवळचं हवं तर आपण जवळ जायचं. तरुणपणी घेतलेली पहिली लेन्स ती, पण वर्षानुवर्षं कपाटात पडून.

जाण्याचं कारण सांगायचं राहिलंच. मुलीचं लग्न होतं. मुलगा तिच्याच कचेरीतला, तिकडचा. लग्न म्हणजे नगरपालिकेसारख्या इमारतीतली एक छोटी खोली, एक अधिकारी बाई, सह्या, संपलं. जळगावचा मांडव नंतर पडणार होता. ती म्हणाली, "पप्पा, साक्षीदार म्हणून तुमचं नाव दिलंय. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचं आणि सही करायची."

"आणि फोटो?"

"फोटोंना इथली एक मुलगी सांगितलीय."

 माझी लेक लहान असताना माझ्या स्टुडिओत पडद्यामागे झोपायची. तिच्या लग्नाचे फोटो परकी पोरगी काढणार! मी कसंबसं विचारलं, "कुठली लेन्स आहे तिच्याकडे?"

 मग ती म्हणाली, "पप्पा, मामाच्या लग्नाचा अल्बम काढून बघा. त्यात तुम्ही कुठे आहात ते मला सांगा. माझ्या लग्नात तुम्ही मला लग्नात हवे आहात. एवढंच मागणं आहे माझं. तेवढं कराल ना?"

मी "हो हो" म्हटलं, फोन ठेवला आणि लांबडी पुसायला घेतली.

आता खरं तर यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्याला दंडाएवढी लेन्स कशाला? पण मला चैन पडेना. मी लांबडी ठेवायचो, ठेंगणी काढायचो. ठेंगणी ठेवायचो, मधली काढायचो. चहा प्यायला उठायचो आणि कप तसाच टाकून परत यायचो. एकदा तर लांबडी जाकिटाच्या आत घालून, वर बटणं लावून, आरशासमोर चालून पाहिलं. विमानात अंगावरच्या कपड्यांचं वजन करत नाहीत, असा माझा हिशोब होता. बायकोनं दारातून पाहिलं आणि हात जोडले. "अहो, कितवा महिना?"

मग वजनाचा नाद लागला. गल्लीतल्या औषधाच्या दुकानात माणसांचा काटा होता. त्यावर मी आधी एकटा आणि मग बॅग घेऊन उभा राहिलो. दुकानदारानं आधी सहन केलं, मग काटा आत नेला.

अखेर फैजपूरहून माझा मेहुणा निरोप द्यायला आला. याचा केळीचा व्यापार. जन्म काट्यावर गेलेला. गाडीत नेहमीसारखा हुकाचा काटा होताच. मी हर्षानं ओरडलो. त्यानं अंगणातल्या पेरूच्या फांदीला काटा टांगला, माझी बॅग हुकाला लावली, एक डोळा बारीक केला आणि लिलावात पुकारावं तसं पुकारलं, "सात!"

"तिन्ही लेन्स धरून?"

"दाजी, सात म्हणजे सात. हजारो घड मोजलेत या हातानं."

मी त्याला मिठी मारली. तिघी येणार! लांबडी, मधली, ठेंगणी, बिनवाद. खुर्चीत बसायचं ते बसू, सही करायची ती करू, आणि सही झाली की उठून पार मागच्या भिंतीला जाऊ. मुलीला काय कळतंय? त्या दुपारी मी जेवलो तेही उभ्यानंच, पण आनंदात.

सोमवारी सकाळी भाड्याची गाडी आली. मुंबईचं विमान दुसऱ्या दिवशीचं; वाटेत धुळ्याला माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, जेवायला थांबायचं होतं. एरंडोल, पारोळा मागे पडलं. बॅग मांडीवरच होती. मी दर थोड्या वेळानं चेन उघडून आत बघायचो. बायको म्हणाली, "अंडी घातलीत का त्यांनी?"

अक्का देवपुरात राहते आणि घरीच काळा मसाला करून विकते. पुढच्या खोलीत पत्र्याचे ड्रम, भाजलेल्या खोबऱ्याचा आणि मिरच्यांचा वास आणि स्टुलावर इलेक्ट्रिक काटा. काटा दिसल्यावर मला राहवेना. अक्काच्या पाया पडायच्या आधी मी बॅग काट्यावर ठेवली.

"काय रे भो," अक्का म्हणाली, "आल्या आल्या काय मोजी राहयना?"

काट्यावरचे लाल आकडे जरा नाचले आणि थांबले. पावणेआठच्याही थोडे पुढे.

मी बॅग उचलली, परत ठेवली. काट्यावर फुंकर मारली. मसाल्याचं पुडकं ठेवून पाहिलं. ते बरोबर भरलं. मग मेहुण्याला फोन लावला आणि आवाज सर्वांना ऐकू जाईल असा मोठा केला.

"अरे, तू सात म्हणाला होतास ना?"

"हो दाजी. सातच. दांडा कापून."

"कशाचा दांडा?"

"घडाचा. घडाचं वजन सांगताना दांड्याचं कापूनच सांगावं लागतं ना. तोंडात बसलंय ते."

"बॅगेला दांडा असतो का रे?"

मेहुण्यानं आधी ट्रकवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं. मग मेहुणा हळूच म्हणाला, "नाही. बॅगेला नसतो."

बायको हसून हसून मिरच्यांच्या पोत्यावर बसली. मला मात्र घाम फुटला. एकीला तरी धुळ्यात सोडावं लागणार होतं. मधली काढली तरी वजन बसत होतं, लांबडी काढली तर चांगली ऐसपैस जागा होत होती. मी मधली काढली आणि परत घातली. मग लांबडी काढून छातीशी धरली. खोलीत येरझाऱ्या सुरू झाल्या. ड्रमला दोनदा गुडघा आपटला.

अक्का शेंगा निवडत बघत होती. तिला मुलीनं काय सांगितलंय ते ठाऊक होतं. तिनं विचारलं, "तठे तू बसशी कोठे?"

"मुलीच्या शेजारी."

"मग हाई तोफ कशाले?"

मी तिला लांबडीचे गुण सांगायला लागलो. पापणीवरचं पाणी वगैरे. अक्कानं सूप बाजूला ठेवलं, पदर नीट केला आणि खुर्चीत ताठ बसली. "चाल, मना फोटो काढ. मी तुनी आंडेर शे. तू आठे बस."

तिनं शेजारचं स्टूल थोपटलं. बाहत्तरीच्या आसपासची, अर्धे दात गेलेली माझी ती नवरी लेक मान तिरकी करून लाजत बसली. मी काटा खाली ठेवला, स्टुलावर बसलो, लांबडी चढवली आणि डोळा लावला.

समोर नुसता धूर. हाताच्या अंतरावरचं लांबडीला दिसतच नाही. चार फुटांच्या आतलं जग तिच्या लेखी नाहीच. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण तिच्यासह मी इतका जवळ कधी कुणाच्या बसलो होतो? लेन्स आतल्या आत घर्र घर्र करत राहिली. अक्का धुरकट, अक्काची नथ धुरकट.

मी उठलो, मागे सरकलो.

"आखो मागे जाय," अक्का म्हणाली.

ड्रमला वळसा घातला. उंबरा ओलांडला. ओसरीवरून अंगणात उतरलो, तुळशीला टेकलो. आणि तिथून अक्का अशी लख्ख दिसली म्हणता! पापणी, नथ, गालावरचा तीळ. मी झटकन फोटो काढला आणि विजयी वीरासारखा आत आलो. तिघांनी मिळून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला.

फोटो सुंदर होता. नवरी झक्क हसत होती. तिच्या शेजारी रिकामं स्टूल होतं.

 बायकोनं माझ्या दंडाला कोपर लावलं. "पाठवा की हा लेकीला. म्हणावं, सराव चालू आहे."

अक्का परत सूप घेऊन बसली आणि शेंगांकडे बघतच म्हणाली, "बठ्ठा जलम मागे मागेच गया तू."

सगळा जन्म! मी लांबडी कॅमेऱ्यावरून उतरवली. दोन्ही टोकांना झाकणं लावली. उतरवताना हात जरा घुटमळला, ते खोटं सांगत नाही. अक्कानं तिला आपल्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं आणि मी हां हां म्हणेपर्यंत मसाल्याच्या रिकाम्या ड्रममध्ये ठेवून झाकण दाबलं. बॅगेत झालेली जागाही तिनं बघून ठेवली होती. मी हात धुऊन येतो तो काय, तिथे काळ्या मसाल्याची दोन पुडकी बसलेली. काट्यावर ठेवलं तर सात. दांड्यासकट.

धुळ्याहून पुढे मुंबईपर्यंत मी चेन उघडली नाही. उघडून बघावं असं त्यात काही राहिलं नव्हतं, पण खांदा इतका हलका लागत होता की मी सारखा काहीतरी विसरल्यासारखा मागच्या काचेतून बघत होतो.

परत आल्यावर जळगावला जायच्या आधी गाडी पुन्हा देवपुरात थांबवली. अक्का म्हणाली, आधी फोटो, मग ड्रम. मी फोन पुढे केला.

पहिला फोटो माझा. ठेंगणीनं काढलेला. मुलीच्या हातात पेन, अर्धा चेहरा, आणि कोपऱ्यात माझ्याच कोटाची बाही. एवढा एकच काढला, मग कॅमेरा मांडीवर ठेवला आणि सही केली. सही होईपर्यंत मुलीनं कागद धरून ठेवला.

दुसरा त्या तिकडच्या फोटोवाल्या मुलीनं काढलेला. ती मागच्या भिंतीला उभी होती. आणि तिच्या हातात काय होतं सांगू? लांबडीची सख्खी बहीण! तिच्या फोटोत सगळी माणसं लख्ख आली होती. मुलगी, जावई, अधिकारी बाई, रुमाल दाबून बसलेली बायको. आणि मुलीच्या शेजारच्या खुर्चीत, नवीन कोटात, मी.

अक्कानं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. खूप वेळ बघितला. मग तिनं माझ्यावर बोट ठेवलं.

"तुना हात कशाले वर करेल शे?"

मी इकडेतिकडे बघितलं. बायको आधीच हसायला लागली होती.

"त्या पोरीच्या मागे खिडकी होती गं, ती उजेड अडवत होती," मी म्हणालो. "तिला खूण करत होतो, जरा डावीकडे सरक म्हणून."

"मंग?"

"मंग काय, लेकीनं टेबलाखालून पाय दाबला माझा. चांगला टाचेनं."

अक्कानं ड्रम उघडला आणि धडप्यात गुंडाळलेली लांबडी माझ्या हातात दिली. लांबडीला काळ्या मसाल्याचा वास लागलाय तो आजवर गेलेला नाही. मांडवात मी जवळून गेलो की वऱ्हाडाला भूक लागते.

पण उजेडाचं माझं खरंच होतं. ती पोरगी सरकली आणि माझा हात खाली यायच्या आत तिनं फोटो काढला. तो फोटो त्यामुळेच चांगला आलाय.