अर्ध्या आट्याचा मामा

मामा घरी आला की गाडी लगेच बंद करत नसे. फाटकाशी उभी करायचा, हात स्टिअरिंगवर ठेवायचा आणि मनातल्या मनात साठपर्यंत आकडे मोजायचा. तेवढ्या वेळात इंजिनाचा टर्बो निवतो, असं त्याचं म्हणणं. मामी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, "अहो, आत या की! गाडीतच संसार थाटलाय का?" तो एक बोट वर करायचा. म्हणजे चाळीस झाले, वीस राहिले. शेजाऱ्यांच्या मते तो माणूस घरात शिरण्यापूर्वी धीर गोळा करत असे. अंगात ताप असो की दारात पाहुणे ताटकळत असोत, ते मिनिट कधी चुकलं नाही.

पेशाने तो चष्मेवाला. बाजाराच्या कोपऱ्यावर दुकान. पुढे काचेचं कपाट आणि मागे पडद्याआड एक अरुंद खोली. खोलीच्या एका टोकाला उंच खुर्ची, दुसऱ्या टोकाला उजेडाची पाटी. पाटीवरची अक्षरं वरून खाली मुंगीएवढी होत गेलेली. गिऱ्हाइकाच्या नाकावर जड गोल फ्रेम चढवून तो तिच्यात एकेक भिंग सरकवायचा आणि विचारायचा, "आता बरं, की आधीचं बरं?" एका वेळी एकच भिंग. एखादा घाईतला माणूस म्हणायचा, "द्या हो काहीतरी, दिसतंय मला सगळं." मामा शांतपणे सांगायचा, "दिसणं आणि नीट दिसणं, या दोन्हींच्या मध्ये माझं दुकान आहे."

त्याची डिझेल गाडी वीस वर्षांची होती. रंग निळा असावा, असं कागदपत्रांत लिहिलेलं होतं. मामी टेकडीवरच्या शाळेत भूगोल शिकवायची, आणि दुकान उघडण्याआधी तिला शाळेत सोडणं हे मामाचं रोजचं काम. टेकडीच्या पायथ्याशी पूल होता. तिथे सात वीसच्या बसने गणिताच्या बाई आणि चित्रकलेच्या बाई उतरायच्या आणि मागच्या सीटवर बसायच्या. शाळेचं फाटक साडेसातला बंद. म्हणजे चढाला दहा मिनिटं मिळायची आणि चार माणसं भरली की गाडीला बारा लागायची. बस दोन मिनिटं आधी आली तर निभायचं, नाहीतर फाटकाशी ठेवलेल्या उशिराच्या वहीत सह्या. मामीच्या नावापुढे एका महिन्यात सात सह्या झाल्या, तेव्हा मुख्याध्यापकांनी तिला बोलावून घेतलं. पुन्हा असा महिना गेला तर दहावीचा वर्ग काढून घेऊ, असं गोड शब्दांत सांगितलं.

मी त्या वर्षी त्यांच्याकडे राहून शिकत होते. त्या रात्रीचं जेवण मला चांगलंच आठवतं.

"पुढच्या महिन्यापासून मी ड्रिलच्या सरांच्या नव्या गाडीतून जाणार," मामी म्हणाली. "आणि ही तुमची सवत भंगारवाल्याकडे. तो येऊन बघून गेलाय."

"मला न विचारता?"

"तुम्ही तेव्हा तिच्याखाली झोपला होतात. तिकडूनच 'हं' म्हणालात."

मामाने घास खाली ठेवला. "तीन आठवडे दे."

"दिले. पण पुलापासून फाटकापर्यंत दहा मिनिटं. घड्याळ गणिताच्या बाईंचं. त्या कुणाच्या मामा नाहीत की मामी नाहीत."

दुकानासमोर मामाचा एक मित्र डिझेलचे पंप दुरुस्त करायचा. त्याला सगळे पंपवालाच म्हणत. दुसऱ्या दिवशी त्याने बॉनेट उघडून मामाला आणि मला टर्बो समजावला. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक भिंगरी फिरवतो, ती भिंगरी बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, तर जोर जास्त. दाब फार वाढू नये म्हणून धुराला बाजूने वाट देणारी एक झडप असते आणि ती झडप एका सळीच्या ताब्यात असते. सळीला आटे असतात. सळी आवळली की झडप उशिरा उघडते आणि दाब वाढतो.

"दे चार आटे आवळून," पंपवाला म्हणाला. "रॉकेट होईल."

"रॉकेट वर जातं रे," मामा म्हणाला. "मला रोज खालीही यायचं असतं."

पहिला आठवडा त्याने सळीला हातसुद्धा लावला नाही. ऑइल बदललं, हवेचा फिल्टर बदलला. रबरी नळ्यांना साबणाचं पाणी लावून कुठे फुगा येतो ते बघत बसला. एका नळीच्या वळणावर बारीक चीर सापडली, तेव्हा लॉटरी लागल्यासारखा मला हाका मारत सुटला. "डोळ्यात कचरा असताना नंबर काढायचा नसतो," तो म्हणाला. नवी नळी बसली आणि चढ अकरा मिनिटं वीस सेकंदांवर आला. मग त्याने डॅशबोर्डवर दोन मापकं बसवली. एक हवेच्या दाबाचं, काट्याचं. दुसरं धुराच्या उष्णतेचं, लाल आकड्यांचं. मूळचा दाब पॉइंट सहा होता. पॉइंट आठच्या पुढे जायचं नाही, हे त्याने आधीच ठरवलं. उष्णता साडेसहाशेला टेकली की पाय सैल करायचा, हेही ठरवलं. आणि तिसरं म्हणजे, एका संध्याकाळी फक्त अर्धा आटा. दुसऱ्या सकाळी चढून बघायचं, मग पुढचा.

सकाळच्या प्रवासाची हकीकत मला रात्री जेवताना दोन आवृत्त्यांत ऐकायला मिळायची. मागच्या सीटवर दोन्ही बाई कामाला लागल्या होत्या. गणिताच्या बाई सेकंद मोजायच्या. चित्रकलेच्या बाई मागच्या काचेतून धूर बघायच्या आणि रंग सांगायच्या: "काल कोळसा होता, आज राखाडी. बरं चाललंय." मामा पुढून विचारायचा, "आता बरं, की आधीचं बरं?" आणि तिघी एका सुरात म्हणायच्या, "आता!" अकरा मिनिटं झाली, मग पावणेअकरा, मग साडेदहा. मामीसुद्धा वळणावर पुढे झुकून बसायला लागली होती, हे मामाने मला हळूच सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात गाडी दहा पंचवीसवर अडली ती अडलीच. मामा अर्धा आटा द्यायचा, पण दाबाचा काटा त्याच्या मते पॉइंट आठला पोचत नव्हता. उष्णता मात्र शेवटच्या तीन वळणांवर साडेसहाशे गाठायची आणि त्याला पाय काढावा लागायचा. हे काही जुळत नव्हतं. त्याने पुन्हा साबणाचं पाणी केलं, पुन्हा फिल्टर काढून बघितला. जेवताना तो भाजीकडे बघत म्हणायचा, "दाब कमी आणि उष्णता जास्त. असं कसं?" मामी म्हणायची, "भाजी गार होतेय. तिची उष्णता बघा."

शेवटच्या आठवड्याचा गुरुवार आला. शुक्रवारी मुदत संपत होती. चढाच्या मध्यावर मामी सहज म्हणाली, "हा काटा एकावर गेला की काय होतं?"

"एकावर जातोय कुठे? पॉइंट साडेसातच्या आसपास आहे."

"अहो, एकावर आहे तो."

"तू तिरकी बघतेस, म्हणून तसं दिसतं."

"मग मधून बघणाऱ्यांना विचारा."

गणिताच्या बाईंनी दोन सीटांच्या मधून डोकं पुढे काढलं. "एक. पूर्ण एक."

"किंचित जास्तच," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या.

मामाने तत्क्षणी पाय उचलला. उरलेला चढ गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने चढली, फाटक बंद झालं आणि वहीत सह्या झाल्या. मामी उतरली, दार धरून उभी राहिली.

"तुमच्या चष्म्याचा नंबर कधी काढला होता?"

"गेल्या..."

"गेल्या कधी?"

मामाने बोटं मोजली. सहा वर्षं झाली होती. त्याच्या दुकानात, काचेच्या कपाटावर, त्याच्याच सुबक अक्षरात पाटी होती: डोळे दरवर्षी तपासा.

संध्याकाळी मामी शाळेतून थेट दुकानात आली. तिने मामाला उंच खुर्चीवर बसवलं आणि जड गोल फ्रेम त्याच्या नाकावर चढवली. मी पडदा धरून उभी होते. पंपवाला ही मजा बघायला दुकान उघडं टाकून आला होता.

"डावीकडचं तिसरं भिंग घाल," मामा म्हणाला.

"गिऱ्हाइकाने गप्प बसायचं. आता बरं, की आधीचं बरं?"

"आधीचं."

"खोटं बोलताय. ओळ वाचा."

तिने हाताच्या अंतरावर धरलेल्या तक्त्यावरची ओळ त्याने वाचली. चार अक्षरांतली दोन चुकली. पंपवाल्याने तोंडावर रुमाल धरला. लांबचं त्याला अजून ठीक दिसत होतं. हाताच्या अंतरावरचं मात्र पार पुसट झालं होतं, आणि काटा नेमका तिथेच होता, चष्म्याच्या वरच्या भिंगाच्या नि खालच्या भिंगाच्या मध्ये. नंबर निघाला तेव्हा मामाने ती फ्रेम उतरवून हातात घेतली. मग म्हणाला, "आणखी दोन अर्धे आटे दिले असते तर इंजिनचं गॅस्केट गेलं असतं. कदाचित टर्बोही. आणि चौघं वळणावर."

तो उठला. उजेड होता तोवर त्याने बॉनेट उघडलं आणि सळी अर्ध्या-अर्ध्या आट्याने सैल केली. दर वेळी गाडी जवळच्या उड्डाणपुलाच्या चढावर नेऊन आणायची, शेजारी बसून पंपवाल्याने काटा वाचायचा. काटा पॉइंट आठवर थांबेपर्यंत हे चाललं.

"अरे, एकावर असताना दहा पंचवीस लागत होते," पंपवाला म्हणाला. "आता उद्या कसा पोचणार?"

"नाही पोचलो तर नाही पोचलो. भंगारात जाईल ती धडधाकट जाईल."

मामीने हे ऐकलं. त्या रात्री सवतीचा उल्लेख झाला नाही.

शुक्रवारी पुलावरून निघताना मामीने काटा वाचण्याचं काम स्वतःकडे घेतलं. मामाने फक्त रस्ता बघायचा. "सहा," ती म्हणाली. "सात. आठ. आठ. अहो, आठच आहे, बघू नका इकडे!" लाल आकडे पाचशे नव्वदवर जाऊन बसले ते तिथेच राहिले. शेवटची तीन वळणं आली. रोज तिथे पाय निघायचा. आज निघालाच नाही. गाडी एका आवाजात, एका चालीत चढत राहिली.

"धूर?" मामाने विचारलं.

"नाहीच," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. "मला काही कामच नाही."

फाटकवाल्याने कडीला हात घातला होता, तेवढ्यात गाडी आत शिरली. गणिताच्या बाईंनी घड्याळ उंच धरलं. "नऊ मिनिटं एक्केचाळीस!" वहीवर बसलेला शिपाई दचकला. मामी खाली उतरली, पदर सारखा केला, आणि खिडकीतून आत वाकून म्हणाली, "भंगारवाल्याला निरोप धाडा. घरात नाही म्हणावं त्याला द्यायला काही."

"जास्त दाबलं की मध्येच सोडावं लागत होतं," मामाने दुपारी पंपवाल्याला सांगितलं. "आता सोडावं लागलं नाही, एवढंच." नवा चष्मा आठवड्याभरात घासून झाला. पुढच्या वर्षी त्याच तारखेला मामीने त्याला पुन्हा खुर्चीवर बसवलं, आणि नंतर दरवर्षी.

दहावीचा वर्ग मामीकडेच राहिला. गाडी पुढे नऊ वर्षं तो चढ चढली, शेवटची तीन मामीच्या हातात, कारण मामाला सकाळी दम लागू लागला होता आणि चालवायला तीही शिकली होती. एका मंगळवारी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, तो त्या उंच खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. त्या सकाळी मामी गाडी बाहेर काढत होती, आणि तो चहाचा कप घेऊन पायरीवर उभा होता. तिने आरसा नीट केला, पट्टा लावला. तो दोन पायऱ्या खाली आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "अगं, मागच्या डाव्या चाकात हवा कमी वाटतेय, येताना बघून घे."