पाळीवर पायउतार होणारे मोतीरामभाऊ

मोतीरामभाऊंची आणि माझी पहिली भेट माझ्याच वरातीत झाली. मी नवरी होते आणि ते शेंबडे होते. हे सांगताच माझी नात लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, आजी, गौरवग्रंथात असं लिहीत नाहीत. मी तिला म्हटलं, बाई, मला अक्षर येत नाही म्हणून तू लिहून राहिलीस. नाक कोणाचं वाहत होतं ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

बोदलकसाच्या अलीकडे आमचं सासर. गाव लागण्याआधी तलाव लागतो आणि रस्ता तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून जातो. पाळीशी येताच आमची बैलबंडी थांबली आणि सगळे वऱ्हाडी खाली उतरले. मी तशीच बसून राहिले. तेव्हा माझे हे धाकटे दीर पुढे आले आणि म्हणाले, "वयनी, उतरा खाली. पाळ हाय."

"माये पाय दुखतेत ना बावा."

"मंग दुखू द्या. मीबी चालूनच राहिलो."

त्या दिवशी मला सासरची रीत कळली. हा तलाव आमच्या घराण्याच्या पूर्वजांनी बांधला. डोक्यावर टोपल्या वाहून माती टाकली. जी माती त्यांनी डोक्यावर वाहिली, तिच्यावरून आपण बसून जायचं नाही. बंडी असो की सायकल, घरच्या माणसाने उतरून चालायचं. पाहुण्यांना ही रीत नाही. नवरी पाहुणी धरायची की घरची, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

पुढे मोतीरामभाऊ शिकले, तिरोड्याकडच्या एका शाळेत विज्ञानाचे मास्तर झाले आणि त्यांनी फटफटी घेतली. तीच आजही त्यांच्या अंगणात आहे. या ग्रंथात त्यांचे विद्यार्थी त्यांच्या शिकवण्याबद्दल लिहितीलच. मी एवढंच सांगते की एकदा त्यांनी माझ्यासाठीही पाटी आणली होती. आठवडाभर झटले. शेवटी मी म्हटलं, "भाऊजी, मी तुमाले भाकर थापाले शिकवतो, तुमी मले अक्षर शिकवा. पाहू कोन आधी हारते." दोघंही हरलो. त्यांची भाकर मी खाल्ली आहे, म्हणून हा विषय इथेच संपवते.

त्यांच्या स्वभावाबद्दल सांगायचं तर एक प्रसंग पुरेसा आहे. माझे मालक तापाने फणफणले होते आणि नाल्याला पूर होता. मोतीरामभाऊंनी ढिवराचा मासेमारीचा डोंगा आणवला, त्यात फटफटी चढवली, मालकांना चढवलं आणि पलीकडे नेलं. मालकांना मागे बसवायचं तर त्यांचा तोल राहीना. तेव्हा माझं लुगडं घेऊन त्यांनी मालकांना आपल्या पाठीशी बांधलं आणि दवाखाना गाठला. मालक बरे होऊन आले. लुगडंही आलं. धुतलेलं, वाळवलेलं, घडी घातलेलं. उपकार अनेक जण करतात. लुगडं धुऊन परत आणणारे मी हे एकच पाहिले.

नोकरी संपल्यावर माणसं देवाला लागतात. मोतीरामभाऊ ट्रायलला लागले. गोंदियाच्या काही हौशी लोकांनी मंडळ काढून जुन्या फटफट्यांची ही ट्रायल सुरू केली. धानकापणी झाली की गोंदियाजवळच्या फुलचूरहून निघायचं आणि डांबरी रस्ता सोडून जंगल, नाले, धानाच्या बांध्या, दगडधोंडे असं लांबचं अंतर कापून परत यायचं. गाडी जितकी म्हातारी तितका मान मोठा. यात कोण जोरात गेला हे पाहत नाहीत. झेंडे लावलेल्या अवघड टप्प्यांत गाडी तोलून न्यायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. लावला की गुण कापले. मला हे प्रथम ऐकून नवल वाटलं. देवाने पाय दिले ते टेकायलाच ना? पण मोतीरामभाऊंना विचारलं तर ते अर्धा तास समजावून सांगतात, म्हणून मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मागच्या ट्रायलच्या आधी ते एका नाल्यात पडले आणि खांद्याचं हाड मोडून घरी आले. तेव्हा माझ्या जाऊबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी सुमनबाई, यांनी भर अंगणात अट घातली. "अजून एकदा जा. एकदाबी पाय न लावता आले, तं पुढंबी जा. लागला, तं चाबी माया हाती. मंग आयुष्यभर फटफटीचं नाव नाई काढाचं." मोतीरामभाऊ म्हणाले, "कबूल." त्यांना ओळखणाऱ्यांना माहीत आहे की हा शब्द ते सहज काढत नाहीत आणि काढला की परत घेत नाहीत.

त्या वर्षी ट्रायलचा रस्ता आमच्या बाजूने आखायचा होता. मंडळाच्या पोरांनी अर्थातच मोतीरामसरांना विचारलं. सरांनी सांगितलं, "जंगलातून उतरले की तलावाच्या पाळीवरून सरळ जा. फार सुंदर वाट आहे." सुंदर तर आहेच. जन्मभर ते तिच्यावरून फटफटी ढकलत चालत गेले होते. चालायच्या वाटेवरून आता बसून जावं लागेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. सुमनबाईंच्याही नाही. आणि माझ्याही नाही, जरी पाळीच्या टोकाला खुर्ची टाकून मलाच बसवलं होतं. पाळीवरही झेंडे लावलेला टप्पा होता, पण तिथे लिहायचं काही नव्हतं. पाय लागला की लाल झेंडा वर करायचा, एवढंच काम. मोतीबिंदू काढल्यापासून मला नको तेही दिसतं.

पहिला पाहुणा गाडीवर बसून पाळीवरून आला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मग मी जंगलाकडे पाहत बसले.

मोतीरामभाऊ आले. तोवर एकाही टप्प्यात त्यांचा पाय लागला नव्हता, हे माझ्या बाजूला उभा असलेला गोंदियाचा पोरगा मला सांगतच होता. पाळीच्या तोंडाशी येऊन ते थांबले. गाडी तोलून धरलेली, दोन्ही पाय वर. पोरगा ओरडला, "सर, रुको मत! निकालो गाडी!" त्यांनी इंजिन बंद केलं. उतरले. आणि फटफटी ढकलत, शांतपणे, पाळीवरून चालत आले.

पोरगा मला म्हणाला, "माजी, झंडा रहने दो ना. कोन देख रहा है?"

मी झेंडा वर केला.

जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "वयनी, झेंडा वर हाय ना?"

"हाय. पन उतराचंच होतं तं हा रस्ता कायले दाखवला भाऊजी?"

ते हसले. म्हणाले, "वाट चांगली होती म्हनून."

संध्याकाळी मंडळाच्या लोकांनी सांगितलं, घराण्याची रीत आहे, आम्ही गुण कापत नाही. मोतीरामभाऊ म्हणाले, "रीत माझी आहे, नियम तुमचा आहे. दोन्ही राहू द्या." घरी येऊन त्यांनी चाबी सुमनबाईंच्या हातावर ठेवली. त्यांनी ती पदराला बांधली.

त्यानंतर रोज सकाळी मोतीरामभाऊ फटफटी पुसत. चालू करत नसत. चाबी मागत नसत. तोंड पाडून बसणंही नाही. जेवण, पेपर, चहा सगळं वेळेवर. सुमनबाई मला म्हणाल्या, "मागून तं पाहाचं होतं! मी भांडाले तयार होती. मागतच नाई हा मानूस." उन्हाळा गेला, पावसाळा गेला.

मग एका सोमवारी सुमनबाई चांगलं लुगडं नेसून अंगणात आल्या. "नागऱ्याले जाचं हाय, महादेवाले."

"आटो बोलावू?" मोतीरामभाऊंनी विचारलं.

"आटोसाठी हे लुगडं नेसली का मी?" त्यांनी चाबी सोडून सीटवर ठेवली. "शब्द मले देल्ला होता ना? मंग सोडाचा का नाई तेबी मीच पाहीन. चाला. मांगं बसून तपासतो तुमाले."

दोघं गेले ते ऊन कलल्यावर परत आले, धुळीने माखलेले. नागऱ्याचा रस्ता एवढ्या धुळीचा नाही, पण मी विचारलं नाही. फक्त म्हटलं, "काय निघालं सुमन तपासनीत?"

सुमनबाईंनी लुगडं झटकलं. म्हणाल्या, "रस्ता भंगार हाय. मानूस ठीक हाय."

मोतीरामभाऊंना पंचाहत्तरी लागली. धान कापून झालं की ते पुन्हा ट्रायलला निघतील. त्यांना भरपूर आयुष्य मिळो आणि त्या आयुष्यात हाडं शाबूत राहोत. रस्त्यांचं काही होईल असं मला वाटत नाही. माणूस तेवढा ठीक राहो.