नावं खरवडणाऱ्याचा परवाना

नरपडच्या नूतन सावेने राग गिळला नव्हता, कैरीसारखा मुरत घातला होता. दोन वर्षं.

चिकूच्या वाडीतल्या ओट्यावर बसून तिने कोडची एक लायब्ररी लिहिली होती, म्हणजे ॲप आणि डेटाबेस यांच्यामधला दुभाषा म्हणा. ती तिने फुकट सोडली. परवान्यात अट एकच: वापरा, बदला, विका, पण लिहिणाऱ्यांची नावं काढू नका. चिकूचं खोकं कुठल्याही बाजारात जावो, वाडीची चिठ्ठी त्यावर राहते, हे बघत ती वाढलेली. कोडचंही तसंच असणार, असं तिने धरलं. तिथेच चुकली.

तिच्या जुन्या ऑफिसातल्या हितेशने कोड उचलला, नावं खरवडली आणि वापीच्या कारखान्यांना आपला म्हणून विकला. तिने जाब विचारला, तर हसला. "प्रसादावर कोण नाव शोधतं, नूतनबेन?"

ती परत कोडकडे वळली. तलासरीचा विनोद वरठा पहिल्यापासून तिच्यासोबत लिहायचा. दोघांनी नवी आवृत्ती काढली आणि परवाना बदलला. आता हा कोड आपल्या मालात घालून विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला आपलाही सगळा कोड उघडून द्यायचा. मग डेटाबेस बनवणाऱ्या कंपनीने डेटाबेसच बदलला. जुनी लायब्ररी त्याच्याशी जुळेना, आणि हितेशला ती दुरुस्त करता येईना. कधी वाचलीच नव्हती.

हितेश नरपडला आला. नव्या आवृत्तीसाठी, आपला कोड झाकलेलाच राहील असा वेगळा परवाना त्याला हवा होता. नूतनने चहा दिला आणि सांगितलं, निम्मा कोड विनोदचा आहे, आधी त्याची संमती आण.

"कोण विनोद?"

"तू खरवडलेलं दुसरं नाव."

दुपारी तलासरीहून विनोदचा फोन आला. माणूस तासभर हात जोडून बसलाय, दोघांची नावं परत लावतो म्हणतोय, आपली हरकत नाही, असं तो म्हणाला. विनोद मुळातच मऊ. नूतनने फोन हितेशला द्यायला लावला.

"नावं जुन्या परवान्याप्रमाणेच लावायची होती. ती आमचीच. नवीन काय आणलंस?"

"कोड उघडला तर उद्या कोणीही हेच स्वस्तात देईल. मी बुडेन, नूतनबेन."

"माहीत आहे. म्हणूनच हा परवाना निवडला."

हितेशने फोन परत केला. मग विनोद फोनवर आला, आता काय करू म्हणून विचारू लागला.

"त्याला जेवायला वाढ," नूतन म्हणाली. "आणि त्याच्याकडच्या जुन्या आवृत्तीत नावं घातल्याशिवाय उठू देऊ नकोस. तुझं आधी."