पाहुण्यांसाठी मांडलेले सिलिंडर

घरातून निघताना दादू रोज स्वयंपाकघरात जाऊन गॅसच्या टाकीवर बोटाची पेरं वाजवायचा. कान किंचित कलता करून ऐकायचा. भरलेली टाकी मुकी असते, रिकामी होत आली की गाते, असं त्याचं म्हणणं. बायको, गंगू, चिडायची.

"कामावर पन तेच, घरान पन तेच. एक दिस माज्या डोक्यावर वाजवशील."

"तुजं डोकं वाजवून बगलंय," तो चपला घालत म्हणायचा, "गातं."

सारसोळ्यातल्या त्याच्या घरापासून नेरूळचं ते हॉस्पिटल चालत जाण्याएवढं जवळ होतं. बापाची होडी खाडीच्या चिखलात कुजली, तेव्हापासून दादू तिथेच कामाला होता. मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली साखळीने बांधलेले ऑक्सिजनचे सिलिंडर असत. कुठला रिकामा झाला, कुठला भरायला पाठवायचा, वॉर्डाकडे जाणाऱ्या नळीला आता कुठला जोडायचा, हे तो हातातला पाना वाजवून ठरवायचा.

पहिली लाट ओसरली तशी हॉस्पिटलांमध्ये एक नवी शर्यत लागली. साथ पुन्हा आली तर कोणतं हॉस्पिटल तग धरेल, याचं मूल्यांकन एक खाजगी संस्था करणार होती. ज्याची श्रेणी वरची, रुग्ण त्याच्याकडे जाणार. समिती येण्याच्या आदल्या दिवशी प्रशासन बघणाऱ्या सुनयना मॅडम शेडमध्ये आल्या. बरेचसे सिलिंडर भरायला गेले होते. साखळ्या नुसत्याच लोंबत होत्या.

"दादूकाका, उद्या काय दाखवायचं?"

"टेन्शन नको मॅडम. आमच्या गावान पोर बगाला पावने आले, का सगल्या गल्लीच्या खुर्च्या एका घरान जमतान. पावने गेले, का खुर्च्या आपापल्या घरा."

मॅडम हसल्या. "आणि पाहुण्यांना कळत नाही?"

"कलतं ना. त्यांच्या घरान पन तेच."

पलीकडच्या सेक्टरमधल्या हॉस्पिटलात धम्मपाल स्टोअर सांभाळायचा. दोन्हीकडचे मालक एकमेकांचे रुग्ण पळवत, पण मागच्या दाराने हे दोघे अडीनडीला सिलिंडर देत-घेत. दादूने त्याला फोन लावला. टेम्पो आला, शेड भरली. समितीने साठा मोजला, फोटो काढले, चहा घेतला. दुसऱ्या दिवशी तोच टेम्पो दादूचेही सिलिंडर घेऊन धम्मपालकडे गेला, आणि तिथून तिसऱ्या एका हॉस्पिटलात. एका सिलिंडरच्या मानेवर पोपटी रंगाचा ओघळ होता. तिन्ही ठिकाणच्या फोटोंत तो आला. कुणी पाहिला नाही, किंवा पाहून काही बोललं नाही.

तिन्ही हॉस्पिटलांना वरची श्रेणी मिळाली. दारावर मोठा फलक लागला. त्याच्याखाली उभा राहून काढलेला फोटो दादूने गंगूला आणून दाखवला.

चैत्रात साथ पुन्हा आली आणि तो फलक बघून लोक येऊ लागले. उरणहूनसुद्धा. गेटबाहेर रिक्षांमध्ये माणसं मान टाकून बसलेली असत. शेडमधला सिलिंडर जोडून दादू वळतो न वळतो, तोच आतून हाक येई. भरायला पाठवलेले सिलिंडर उशिरा येऊ लागले, मग कमी येऊ लागले. त्याने धम्मपालला फोन लावला.

"थोडे सिलिंडर दे रे."

"मी तुम्हालाच फोन लावत होतो, दादूशेठ."

दोघंही हसले.

त्याच आठवड्यात दादूला ताप आला. जिना चढताना तो मधेच बसू लागला.

गंगू म्हणाली, "दुसरीकडं जाव. मोठ्या हॉस्पिटलान."

"कुटं जाशील?" त्याला मधेच दम लागला. "सगलीकडं त्याच खुर्च्या."

त्याला त्याच्याच हॉस्पिटलात खाट मिळाली, मागच्या अंगणाकडच्या खिडकीपाशी. त्याच्या नाकाला लावलेली नळी भिंतीतून खाली त्याच शेडकडे जात होती. शेडमध्ये आता सुनयना मॅडम स्वतः उभ्या असत. त्याचा पाना त्यांच्या हातात असे.

त्या दुपारी टेम्पोची वाट बघून बघून मॅडमनी एकेक सिलिंडर वाजवायला घेतला. आवाज खिडकीतून वर येत होता. पहिला लांब घुमला. दुसराही. त्याच्या पुढचाही. वॉर्डातल्या कुणाला त्या आवाजाचा अर्थ कळला नाही. दादू मात्र कान किंचित कलता करून ऐकत होता, असं सिस्टरने मागाहून गंगूला सांगितलं. शेवटच्या सिलिंडरचा आवाज विरला तेव्हा त्याने खुणेनेच आपला मोबाईल मागितला.

गंगू चुलत दिराच्या ओट्यावर बसली होती. नाव दिसताच तिने घाईने फोन कानाला लावला. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. काही हवंय का, घाबरलायस का, असं ती विचारत गेली.

"गंगू," तो म्हणाला, "घरची टाकी वाजवून बग. गायला लागली असंल. नव्या टाकीचा नंबर लावून ठेव."