धाकटीची झोप

दुपारचं जेवण झालं, की शिलाईच्या दुकानात धाकटी जाऊ कापडाच्या गठ्ठ्यावर डोकं टेकायची आणि मिनिटभरात घोरू लागायची. मशीनवर बसलेल्या थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. गेली सात वर्षं गोळी घेतल्याशिवाय तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. आधी अर्धी, मग एक, आता दीड. रक्तदाबाच्या गोळ्याही एकाच्या दोन झाल्या, तरी आकडा उतरायचं नाव घेत नव्हता. आणि ही बया बसल्या जागी ढाराढूर!

एकदा धाकटीच म्हणाली, "जाऊबाई, तुमची एक गोळी द्या ना. सकाळी उठते ती दमलेलीच. डोकं दगडासारखं जड."

"तुला कशाला गं? तुझी झोप विकायला काढ, पहिलं गिऱ्हाईक मी!" थोरलीने गोळ्यांची पाकिटं पर्समध्ये खोल सरकवली. सगळं हिलाच हवं. आता माझी गोळीसुद्धा.

पुढच्या आठवड्यात थोरली डॉक्टरांकडे गेली. सोबत आलेली धाकटी बाकावर बसल्या बसल्या झोपली. घोरता घोरता तिचा श्वासच थांबला. मग गुदमरल्यासारखा हिसका बसून पुन्हा सुरू झाला. दारात उभे राहिलेले डॉक्टर घड्याळ बघत होते.

"या रोज अशाच झोपतात?"

"रोज. नशीबवान आहे."

"नशीब कसलं! श्वास अडतोय त्यांचा. रात्रभर असंच होत असेल, तर शरीराला विसावा कुठला?" त्यांनी धाकटीला उठवून प्रेशर मोजलं. थोरलीपेक्षा जास्त भरलं. "झोपेची गोळी तर घेत नाही ना? ती तुमच्या जिवावर बेतू शकते."

"मागितली होती, पण जाऊबाईंनी दिली नाही."

"शहाण्या आहेत."

ते कौतुक थोरलीच्या घशाखाली उतरेना.

तपासण्या झाल्या, धाकटीला झोपताना नाकावर लावायचं यंत्र मिळालं. दोन महिन्यांत तिचा चेहरा उजळला, प्रेशर उतरलं. घरात जो तो तिचीच चौकशी करी. थोरलीची गोळीही डॉक्टरांनी थोडी थोडी कमी करत आणली होती. त्या रात्री तिने कशा काढल्या, हे विचारायची एकटी धाकटीच. थोरली तुटकपणे सांगायची, "लागला की डोळा."

एका सकाळी मात्र तिला राहवलं नाही. "चार तास झोपले. सलग! तुझे किती?"

धाकटी चाचरली. "सात."

"सात!" थोरली फणकारली आणि कापडावर कचाकच कात्री चालवू लागली.