तापलेलं इंजिन
कूलंटचा गोडसर वास आला की मला चिपळूणचं ते गॅरेज आठवतं. आंजर्ल्याचा मामा शेवटच्या घटका मोजत होता आणि मी आईला घेऊन निघालो होतो. आठवडाभर इंजिन तापत होतं, तरी मी नुसतं पाणी ओतून गाडी चालवत होतो. वाटेत पांढरा धूर निघाला आणि ती बंदच पडली. मेस्त्रीने ऑइलची पट्टी काढून दाखवली, तर तिच्यावर दुधाच्या चहासारखा फेस. “हेड गॅस्केट गेलंय. ऑइलात पाणी शिरलंय. इंजिन खोलायला लागंल, दोन दिवस जातील.” मी दुसरी गाडी शोधायला धावलो, तेवढ्यात आईचा फोन वाजला. ऐकून झाल्यावर ती हळूच म्हणाली, “मेस्त्रीला सावकाश करू दे. आता घाई नाय.” गाडी तिसऱ्या दिवशी तयार झाली. आता ती कधीच तापत नाही, पण आई माहेरी एसटीनेच जाते.