पोच घेणारे काका

सरकारी कचेरीतला सूचनाफलक पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचून काढणारा माणूस सबंध नाशिक जिल्ह्यात एकच होता, आणि नेमका तो माझ्या मावशीचा नवरा होता. बाकीचे लोक काम झालं की कचेरीतून पळ काढतात. काकांचं खरं काम तिथून पुढं सुरू होई. एकदा निफाडच्या एका कचेरीत ते तासभर फलकापुढं उभे राहिले, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या शिपायालाच राहवलं नाही. त्यानं स्टूल आणून दिलं. म्हणाला, "बसून वाचा काका. लय वर्षं झाली मला इथं, पन ते वाचताना कुनी दिसलं नाय. मीबी नाय वाचलं." काकांनी आभार मानले आणि उरलेला फलक बसून वाचला.

तसे ते एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात भांडार विभागात कारकून. लेखक झाले ते नव्वदच्या दशकात, एका कपाटामुळं. कसलासा दाखला काढायला गेले असताना, कोणता कागद किती दिवसांत मिळतो हे सांगणारा फलक त्यांना लोखंडी कपाटाच्या मागं सापडला. त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, ते छापून आलं, आणि कचेरीनं तत्परतेनं फलक भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. काकांनी दुसरं पत्र लिहिलं. मग तिसरं. संपादकांनी शेवटी या माणसाला दर आठवड्याला एक सदरच देऊन टाकलं, आणि ते बरीच वर्षं चाललं. पुढं माहिती अधिकाराचा कायदा आला तेव्हा काकांनी जेलरोडच्या आमच्या सगळ्या बिऱ्हाडांत पेढे वाटले. अर्ज कसा करावा यावर छोटं पुस्तक लिहिलं आणि ते पिशवीत घालून गावोगाव व्याख्यानं देत हिंडले. व्याख्यानात एका मुद्द्यावर त्यांचा आवाज हमखास चढे. "मुदत तीस दिवसांची आहे, म्हणजे तिसाव्या दिवशीच उत्तर द्या असं कायद्यात कुठं लिहिलंय? कागद पहिल्या दिवशीही यांच्याच टेबलावर असतो. हे नुसते त्यावर बसून राहतात."

दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यायची, हा त्यांचा पहिला धडा. तो त्यांनी घरातही लागू केला होता. 'मिळाले' असा रबरी शिक्का त्यांनी खास करून घेतला होता. माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तर त्यांनी ती उघडण्याआधी दुसरी प्रत मागितली, तिच्यावर शिक्का मारला, तारीख घातली, सही केली आणि मला परत दिली. "उद्या कुणी म्हणायला नको, काकांना बोलावलंच नाही." मी ती अजून ठेवली आहे. शेजारीपाजारी हसत, आम्हीही हसायचो, पण कुणाचा कागद कुठं अडला की हसणारेच आधी त्यांच्या दारात उभे असत.

गंमत अशी की, माहिती सर्वांना कळावी म्हणून आयुष्यभर लिहिणाऱ्या या माणसाचं अक्षर कुणालाही लागत नसे. प्रत्येक लेख, प्रत्येक अर्ज मावशी सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची. स्वयंपाक आटोपला की पदराला हात पुसत बसायची आणि लिहायची. त्या पुस्तकातलं कलम न् कलम तिच्या हाताखालून गेलं होतं, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. काकांच्याही नाही.

मावशीचं पोट दुखायला लागलं तेव्हा तपासण्या झाल्या. अहवाल काकांनी एकट्यानं आणला, आपल्या कागदांच्या कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली. तिला सांगितलं, "पित्त आहे." आम्हालाही तेच. आम्ही विश्वास ठेवला, कारण काका खोटं बोलत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आठवड्याभरानं मावशीनं मला दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट आणायला सांगितलं. काकांचाच काही अर्ज असेल म्हणून मी आणून दिलं. तिनं ते माझ्यासमोर एका कागदावर चिकटवलं, आणि त्याच मजकुराच्या दोन प्रती घेऊन पेपर वाचत बसलेल्या काकांपुढं उभी राहिली. अर्ज माहिती अधिकारी, आमचे घर, यांना होता. तपासणीच्या अहवालाची प्रत मिळावी. प्रश्न जीविताचा असल्यानं, कायद्याप्रमाणं, तीस दिवसांऐवजी अठ्ठेचाळीस तासांत.

"हे सरकारसाठी असतं गं," काका म्हणाले.

"या घरात सरकार दुसरं कोण आहे?" मावशी म्हणाली. "अहो, मला भावाकडं कळवणला जाऊन यायचंय. आत्ता निघू, की दिवाळीनंतर गेलं तरी चालेल, एवढंच बघायचंय. पोच द्या."

काकांनी पेपरची घडी करून बाजूला ठेवली. मग त्यांनी शिक्का घेतला. तारीख घातली, वेळ घातली, सही केली.

मावशी दिवाळीपर्यंत थांबली नाही. त्याच आठवड्यात कळवणला गेली, महिनाभर राहिली, भावाशी जुनं भांडण मिटवून आली. दिवाळी तिनं पाहिली नाही. तिचं कळवणला जायचं राहिलं असतं तर, हा विचार मला आजही नकोसा वाटतो.

ती गेल्यावर सदर बंद झालं. लेख उतरवून कोण देणार? मी अधूनमधून जाऊन बसायचो. एकदा काकांनी कपाट उघडून तो अर्ज काढला आणि माझ्या हातात दिला. मावशीचं गोल, नीटस अक्षर. खाली काकांची पोच, आणि तिच्याखाली मावशीनं दोन दिवसांनी केलेली नोंद : अहवाल मिळाला. दोन्हीकडं वेळ लिहिलेली होती, सकाळचे साडेनऊ.

"कपाटाची किल्ली माझ्या खिशातच होती," काका म्हणाले. "पण अठ्ठेचाळीस तास होते ना माझ्याकडं. मी सगळे घेतले."